दोन शिट्ट्या, एक निर्णय

बास्केटबॉलच्या सामन्यात एक प्रसंग असा येतो की, ज्यात खेळाडूंपेक्षा पंचांचीच परीक्षा अधिक होते. आक्रमक खेळाडू चेंडू ड्रिबल करीत वेगाने बास्केटच्या दिशेने मुसंडी मारतो. बचाव करणारा खेळाडू त्याच्या वाटेत उभा ठाकलेला असतो. छातीला छाती भिडते आणि दोघेही जमिनीवर कोसळतात. त्याच क्षणी मैदानाच्या दोन बाजूंनी दोन शिट्ट्या वाजतात. एक पंच दोन्ही हात कमरेवर ठेवून दाखवतो की, चूक बचावपटूची आहे, त्याने वाट बेकायदा अडवली. दुसरा पंच मूठ तळहातावर आपटून दाखवतो की, चूक आक्रमकाची आहे, तो उभ्या माणसावर जाऊन आदळला. पहिल्या खुणेला ब्लॉकिंग म्हणतात, दुसरीला चार्जिंग. धडक एकच, निवाडे मात्र दोन आणि तेही परस्परविरुद्ध. अशा वेळी पंचांनी काय करावे?

विद्यालयाच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे कोणास वाटणे स्वाभाविक आहे. स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीविषयी, दात्यांच्या औदार्याविषयी आणि यशस्वी माजी विद्यार्थ्यांविषयी लिहिण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. तथापि, वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलामुलींना नियम, अधिकार आणि न्याय या तीन गोष्टींचा पहिला प्रत्यक्ष अनुभव नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून येत नाही. तो मैदानावर येतो. मैदानावर मिळालेला निवाडा मूल जन्मभर विसरत नाही. म्हणून पंचांच्या मतभेदाचा प्रश्न हा क्रीडाशिक्षकांपुरता मर्यादित नसून शिक्षणाचा प्रश्न आहे, असे मी मानतो.

माझे मत आरंभीच स्पष्टपणे नोंदवतो. दोन पंचांच्या खुणा परस्परविरुद्ध झाल्या, तर त्यांनी खेळ थांबलेलाच ठेवून एकत्र यावे, आपण काय पाहिले ते एकमेकांस सांगावे, ज्याने धडकेचा आरंभ अधिक स्पष्टपणे पाहिला त्याच्या मताला वजन द्यावे आणि तरीही एकमत न झाल्यास मुख्य पंचाने एकच निर्णय जाहीर करावा. मतभेद मिटवण्यासाठी दोन्ही खेळाडूंच्या नावावर फाऊल लिहिणे हा तोडगा सोयीचा असला तरी न्यायाचा नाही.

प्रथम नियम पाहू. बचावपटू प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभा राहिला की, त्याने आपली जागा कायदेशीरपणे घेतली, असे नियम मानतो. आक्रमक हवेत झेपावलेला असेल, तर त्याने उडी घेण्यापूर्वी बचावपटूने ती जागा घेतलेली असली पाहिजे. बास्केटखाली सव्वा मीटर त्रिज्येचे एक अर्धवर्तुळ आखलेले असते. त्या अर्धवर्तुळात उभ्या असलेल्या बचावपटूवर हवेतला आक्रमक आदळला, तर सामान्यतः चार्जिंगचा फाऊल दिला जात नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत ही रेषा २०१० पासून आली. यावरून हे स्पष्ट होते की, नियम संदिग्ध नाही. बचावपटू वेळेवर जागेवर होता किंवा नव्हता. पाय रेषेच्या आत होते किंवा बाहेर होते. मतभेद उद्भवतो तो नियमाविषयी नव्हे, तर वस्तुस्थितीविषयी. कारण दोन पंच दोन ठिकाणांहून पाहत असतात. अंत्यरेषेजवळचा पंच बचावपटूचे पाय पाहतो, मागून येणारा पंच आक्रमकाची झेप पाहतो. प्रत्येकाच्या दृष्टीस घटनेचा एक अंश पडतो. ज्यांच्याजवळ सत्याचा एकेक अंश आहे, त्यांनी ते अंश जुळवावेत, हे उघड आहे. परंतु माणसाच्या हाती अधिकार आला की, ही साधी गोष्टही अवघड होऊन बसते.

या खेळाचा इतिहास येथे उपयोगी पडतो. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ निर्माण केला. त्याने लिहिलेले मूळ नियम अवघे तेरा होते. त्यांतील दोन नियमांत त्याने पंचांची कामे वाटून दिली. अंपायर हा माणसांचा न्यायाधीश. त्याने फाऊल टिपायचे आणि तीन फाऊल सलग झाले की रेफ्रीला कळवायचे. रेफ्री हा चेंडूचा न्यायाधीश. चेंडू कोणाचा, खेळात आहे की बाहेर, गोल झाला की नाही आणि वेळ किती झाली, हे त्याने पाहायचे. या रचनेत फाऊलविषयी दोघांचा वाद होण्याचे कारणच नव्हते, कारण दोघांची क्षेत्रे भिन्न होती. पुढे खेळाचा वेग वाढला आणि एकाच्या नजरेतून पुष्कळ काही सुटू लागले. म्हणून सर्वच पंचांना फाऊल देण्याचा अधिकार मिळाला. अधिक डोळे आले, अधिक न्याय होण्याची शक्यता निर्माण झाली, आणि त्याबरोबरच दोन न्यायाधीशांचे मतभेदही आले.

आज आपल्या देशात बास्केटबॉल ज्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या नियमांनुसार खेळला जातो, त्यांत यासंबंधी दोन तत्त्वे आहेत. पहिले असे की, आपापल्या कर्तव्याच्या मर्यादेत दिलेला एका पंचाचा निर्णय दुसऱ्या पंचाने रद्द करू नये अथवा त्यावर शंका घेऊ नये. दुसरे असे की, पंचांत मतभेद झाल्यास अंतिम निर्णय देण्याचा अधिकार मुख्य पंचाचा आहे आणि तो देण्यापूर्वी तो सहकाऱ्यांशी व टेबलावरील अधिकाऱ्यांशी विचारविनिमय करू शकतो. वरवर पाहता ही तत्त्वे परस्परविरोधी वाटतात, पण तसे नाही. पहिले तत्त्व सहकाऱ्याचा मान राखते, दुसरे खेळाडूचा हक्क राखते. मतभेद उघड झाला की, दुसऱ्या तत्त्वाला अग्रक्रम मिळाला पाहिजे.

अमेरिकेत याहून वेगळी पद्धत आहे. तेथील शालेय सामन्यांच्या नियमांचा प्रचलित अर्थ असा की, एका पंचाने ब्लॉकिंगची आणि दुसऱ्याने चार्जिंगची खूण दाखवली, तर दोन्ही फाऊल नोंदवावेत आणि तो दुहेरी फाऊल समजावा. हा प्रसंग तेथे इतका परिचित आहे की, दोन्ही शब्द जोडून त्याला ‘ब्लार्ज’ असे गमतीचे नावही पडले आहे. एनबीए या व्यावसायिक स्पर्धेच्या नियमांतही, पंचांच्या मतभेदातून दुहेरी फाऊल झाला तर गुण धरला जात नाही आणि मध्यवर्तुळात जम्प बॉलने खेळ पुन्हा सुरू होतो, अशी तरतूद आहे.

या पद्धतीच्या समर्थकांचा युक्तिवाद मला दुर्लक्षणीय वाटत नाही. ते म्हणतात, दोन्ही पंच समान अधिकाराचे आहेत. दोघांनीही आपला निवाडा जाहीर केला आहे. आता त्यांतील एक मागे घ्यायला लावणे म्हणजे प्रेक्षकांच्या ओरड्याला आणि प्रशिक्षकांच्या दबावाला दार उघडून देणे होय. दोन्ही फाऊल लिहिले की कोणालाही झुकते माप मिळत नाही आणि खेळ लगेच पुढे जातो. यात व्यवहार आहे, हे मान्य. मात्र यात समता नाही. दोघांनाही सारखीच शिक्षा करणे म्हणजे समता, ही समजूतच चुकीची आहे. एका धडकेला एकच कारण असेल आणि दोघांपैकी एकानेच नियम मोडला असेल, तर दुसरा निर्दोष आहे. दुहेरी फाऊल म्हणजे दोन प्रतिस्पर्ध्यांनी साधारण एकाच वेळी एकमेकांविरुद्ध केलेले दोन फाऊल. एकाच्या एका चुकीविषयी दोन पंचांची दोन मते झाली, म्हणून मैदानावर दोन चुका घडत नाहीत. पंचांची अडचण पंचांनी सोडवावयाची असते. तिची किंमत निर्दोष खेळाडूकडून वसूल करणे अन्यायाचे आहे.

ही किंमत लहान नसते. फिबाच्या नियमांत पाचवा वैयक्तिक फाऊल झाला की खेळाडू सामन्याबाहेर जातो. काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय सामन्यात हेच घडलेले मी पाहिले आहे. चार फाऊल झालेली एक मुलगी बचावासाठी दोन्ही पाय रोवून उभी होती. धडक झाली, दोन पंचांनी दोन खुणा केल्या, आणि क्षणभर एकमेकांकडे पाहून त्यांनी दोघींच्याही नावावर फाऊल लिहावयास सांगितले. नियमपुस्तकात या तोडग्याला आधार नव्हता; पण वाद मिटला, म्हणून सर्वांनी तो गोड मानून घेतला. ती मुलगी मात्र बाकावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात मला विचारले, “सर, धक्का एकच होता. मग चूक दोघींचीही कशी झाली? आणि चूक कोणाची ते त्यांना ठरवता आलं नाही, तर बाहेर मी का गेले?” या प्रश्नाला उत्तर देता येईल असा एकही मुद्दा त्या तोडग्यात नव्हता. नियम मोडल्याबद्दल शिक्षा झाली, तर मूल त्यातून शिकते. मोठ्यांना निर्णय घेता आला नाही म्हणून शिक्षा झाली, तर नियमांवरचा त्याचा विश्वास उडतो.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा फार खोल विचार झालेला आहे, याची जाणीव आपल्यापैकी अनेकांना नसेल. विनयपिटकातील महावग्गाच्या दहाव्या खंधकात कोसंबीच्या भिक्खूंचा कलह आला आहे. अट्ठकथेत त्याचे कारण दिले आहे. धम्माचा उपदेश करणाऱ्या एका भिक्खूने शौचाच्या पाण्याच्या भांड्यात उरलेले पाणी तसेच ठेवले. विनय जाणणाऱ्या भिक्खूने ते पाहून, हा दोष होतो, असे त्यास सांगितले. त्याने नकळत घडल्याचे सांगताच, नकळत घडले असेल तर दोष नाही, असेही विनयधराने मान्य केले. पण नंतर आपल्या शिष्यांजवळ तो म्हणाला की, त्या भिक्खूला आपला दोषही कळत नाही. शिष्यांकडून शिष्यांकडे ही गोष्ट गेली. धम्मकथिक म्हणाला, आधी दोष नाही म्हणतो आणि आता दोष आहे म्हणतो. तोच असत्य बोलतो. एका भांड्यातील पाण्यावरून संघ दुभंगला. तथागतांनी समजावूनही कलह शमला नाही, तेव्हा ते एकटे पारिलेय्यकाच्या वनात निघून गेले. अखेर कोसंबीच्या उपासकांनी या भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे थांबवले, तेव्हा ते भानावर आले व सावत्थीस जाऊन त्यांनी समेट केला.

एकाच कृत्याविषयी दोन जाणत्यांचे दोन निवाडे, हाच कोसंबीचा वाद होता. बारकाईने पाहिले तर ध्यानात येते की, मतभेदामुळे संघ फुटला नाही. समोरासमोर एक आणि पाठीमागे दुसरे बोलल्यामुळे तो फुटला. म्हणूनच विनयात वाद मिटवण्याचे जे सात उपाय सांगितले आहेत, त्यांत पहिला उपाय सम्मुखाविनय हा आहे. संघ समोर, धम्म व विनय समोर आणि ज्यांचा वाद आहे त्या व्यक्तीही समोर असल्या पाहिजेत. पाठीमागे निर्णय नाही. याच सात उपायांत येभुय्यसिका आहे, म्हणजे शलाका वाटून बहुमत घेणे. आणि सातवा उपाय आहे तिणवत्थारक, म्हणजे गवताने झाकणे. भांडणाच्या भरात दोन्ही पक्षांकडून पुष्कळ दोष घडले असतील आणि एकेक उकरून काढल्यास कलह वाढणार असेल, तर दोन्ही पक्षांच्या संमतीने ते सर्व एकदम झाकून टाकावेत, असा तो विधी आहे. त्यालाही मर्यादा आहेत. गंभीर दोष त्याने झाकले जात नाहीत आणि गृहस्थांशी संबंधित दोषही झाकले जात नाहीत.

दुहेरी फाऊलचा तोडगा हा मला तिणवत्थारकाचा चुकीचा उपयोग वाटतो. जेथे दोघांनीही खरोखर एकमेकांना ढकलले असेल, तेथे दुहेरी फाऊल अवश्य द्यावा. परंतु जेथे दोघांपैकी एकच दोषी आहे आणि तो कोण हे ठरवण्याचा प्रयत्नही झालेला नाही, तेथे गवत टाकले की त्याखाली खेळाडूचा दोष झाकला जात नाही, पंचांचा आळस झाकला जातो. विनयाने पहिला उपाय सोडून थेट सातव्यावर जाण्यास सांगितलेले नाही.

पूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात भिक्खुसंघाच्या कार्यपद्धतीचा मुद्दाम उल्लेख केला होता. आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान यांचे नियम संघाला ठाऊक होते, आणि संसदीय पद्धत या भूमीला परकी नाही, असे त्यांनी दाखवून दिले. त्याच भाषणात त्यांनी हाही इशारा दिला की, संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारी माणसे चांगली नसतील, तर त्याचा परिणाम वाईटच होईल. नियमपुस्तक आणि पंच यांचे नाते याहून निराळे नाही.

आपली न्यायव्यवस्थाही याच मार्गाने जाते. उच्च न्यायालयात फौजदारी अपिलावर दोन न्यायमूर्तींची मते समसमान विभागली गेली, तर प्रकरण दुसऱ्या न्यायमूर्तींपुढे ठेवले जाते. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय बहुमताने होतो आणि असहमत न्यायमूर्तींना आपले भिन्न मत नोंदवण्याची मोकळीक संविधानाच्या अनुच्छेद १४५ नेच दिली आहे. दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही, म्हणून फिर्यादी आणि आरोपी या दोघांनाही निम्मी निम्मी शिक्षा दिली, असे कोठे ऐकिवात नाही. शिवाय मैदानावर अपील नसते. फिबाच्या नियमांनुसार संघाला सामन्यानंतर तक्रार नोंदवता येते, पण ती गुणांच्या वा वेळेच्या नोंदीतील न सुधारलेली चूक, खेळाडूंची पात्रता अशा मोजक्याच कारणांसाठी. फाऊल दिला तो योग्य की अयोग्य, हे नंतर कोणी तपासत नाही. मोठ्या स्पर्धांत चित्रफीत पाहून काही निर्णय तपासण्याची सोय आली आहे. शाळेच्या मैदानावर ती नाही. म्हणजे ज्या खेळाडूविरुद्ध निर्णय गेला, त्याच्यासाठी पंचांची ती अर्ध्या मिनिटाची मसलत हेच पहिले आणि शेवटचे न्यायालय असते. ती टाळणे म्हणजे दाद मागण्याचा त्याचा एकमेव मार्ग बंद करणे होय.

मसलत केली तर बाहेरचा दबाव येईल, ही शंका खरी आहे, आणि तिचे सर्वांत मोठे उदाहरण १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सापडते. सोव्हिएत संघ आणि अमेरिका यांच्यातील त्या अंतिम सामन्यात तीन सेकंद उरले असता अमेरिकेच्या डग कॉलिन्सने दोन फ्री थ्रो टाकून संघाला ५०-४९ अशी आघाडी दिली. नंतर भोंग्यावरून आणि सोव्हिएत प्रशिक्षकांनी मागितलेल्या टाइम-आउटवरून गोंधळ झाला. तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघाचे सरचिटणीस विल्यम जोन्स टेबलापाशी आले आणि घड्याळ पुन्हा तीन सेकंदांवर लावण्यास त्यांनी सांगितले. चालू सामन्यात असा आदेश देण्याचा अधिकार नियमांनी त्यांना दिलेला नव्हता. शेवटचे सेकंद पुन्हा खेळवले गेले, अलेक्झांडर बेलोव्हने चेंडू टाकला आणि सोव्हिएत संघ ५१-५० असा जिंकला. सामन्याचे एक पंच, ब्राझीलचे रेनाटो रिघेट्टो, यांनी गुणपत्रिकेवर सही करण्यास नकार दिला. अमेरिकेचे अपील पाच जणांच्या समितीने तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळले. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदके स्वीकारली नाहीत. अर्धे शतक उलटून गेले तरी ती पदके तशीच पडून आहेत.

यावरून पंचांनी एकमेकांशी बोलूच नये, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. निष्कर्ष असा की, मतभेद मिटवताना ज्याला अधिकार आहे त्यानेच बोलावे आणि ज्याला नाही त्याने, तो कितीही मोठा असला तरी, रेषेबाहेर राहावे. आपल्याकडच्या स्पर्धांत आयोजक, देणगीदार, स्थानिक पुढारी आणि कधीकधी आम्ही शिक्षकही टेबलापाशी जाऊन उभे राहतो. तेथे आपला शब्द नसला तरी आपली उपस्थिती बोलते.

‘पंच’ हा शब्द आपल्या समाजाच्या स्मृतीत हलका नाही. पाचामुखी परमेश्वर असे म्हणत गावकीने आणि जातपंचायतींनी पिढ्यान्‌पिढ्या जे निवाडे केले, त्यांत ज्याच्याविषयी निवाडा, त्याला बोलण्याची मुभा नसे आणि कारण सांगण्याचे बंधन कोणावर नसे. अशा पंचांच्या बहिष्काराला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. मैदानावरचा पंच त्या पंचासारखा नसावा. त्याचा अधिकार त्याच्या जन्मातून वा प्रतिष्ठेतून आलेला नसून नियमातून आलेला आहे; म्हणून त्याचा निर्णयही नियमाच्या भाषेत सांगता आला पाहिजे. या खेळाची एक रीत मला फार अर्थपूर्ण वाटते. फाऊल कोणाचा हे टेबलाला कळवताना पंच नाव घेत नाही, आडनाव तर नाहीच. तो बोटांनी क्रमांक दाखवतो. आडनाव ऐकून माणूस जोखणाऱ्या समाजात या एका खुणेचे मोल मोठे आहे.

परंतु क्रमांक दाखवला म्हणून मनातला पूर्वग्रह जातो, असे नाही. जोसेफ प्राइस आणि जस्टिन वुल्फर्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एनबीएच्या १९९१-९२ ते २००३-०४ या हंगामांतील सामन्यांचा अभ्यास केला. पंच बहुतांशी एका वंशाचे आणि खेळाडू दुसऱ्या वंशाचा असला की, त्याच्याविरुद्ध अधिक फाऊल दिले जातात, असे त्यांना आढळले. एनबीएने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. हा अभ्यास २००७ मध्ये वृत्तपत्रांतून गाजला आणि २०१० मध्ये नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे डेव्हिन पोप यांच्यासह याच अभ्यासकांनी नंतरचे हंगाम तपासले, तेव्हा २००७ च्या जाहीर चर्चेनंतर तो भेद आढळेनासा झाला होता. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. प्रामाणिक पंचाच्याही नकळत त्याची नजर झुकू शकते. आणि त्याविषयी उघड बोलले गेले की ती सरळही होऊ शकते. म्हणून दोन पंचांचा मतभेद ही मला लाजेची गोष्ट वाटत नाही. एकाच्या नजरेतील दोष दुसऱ्याच्या नजरेने पकडला जाण्याची ती संधी आहे. मतभेद झाकला तर ही संधीही झाकली जाते.

आता प्रत्यक्षात काय करावे, ते सांगतो. मतभेद मिटवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे त्याची वेळ न येऊ देणे. सामन्यापूर्वी दोन्ही पंचांनी दहा मिनिटे बसून कोणी कोणता भाग पाहायचा आणि बास्केटकडे येणाऱ्या चढाईत पहिला शब्द कोणाचा, हे ठरवून घ्यावे. फाऊलसाठी शिट्टी वाजवल्यावर पंचाने एक हात मूठ मिटून वर करायचा असतो. तेथेच क्षणभर थांबावे, सहकाऱ्याची मूठही वर आहे का ते पाहावे आणि मगच पुढची खूण करावी. बहुतेक विरोध हा दोघांनीही घाईने खूण केल्यामुळे होतो. मनातले मत बदलता येते, हजार डोळ्यांदेखत केलेली खूण बदलणे जड जाते.

तरीही दोन खुणा झाल्याच, तर दोघांनी खेळाडूंपासून दूर एकत्र यावे. “मी ब्लॉकिंग दिला आहे” असे न म्हणता “मी काय पाहिले” हे सांगावे. बचावपटू उडीपूर्वी जागेवर होता का? पाय अर्धवर्तुळाच्या आत होते का? स्पर्श धडावर झाला की खांद्यावर? ज्याने हे पाहिले असेल त्याने सांगावे. ज्याने पाहिले नसेल त्याने ‘मला दिसले नाही’ असे म्हणावे. या तीन शब्दांना मैदानावर फार धैर्य लागते. त्यानंतर मुख्य पंचाने एकच निर्णय टेबलाला कळवावा आणि दोन्ही कर्णधारांना एका वाक्यात कारण सांगावे. ज्याचे मत मान्य झाले नाही, त्या पंचाने पुढच्या खेळात त्याची भरपाई करण्याचा मोह टाळावा, आणि सामन्यानंतर कोणाजवळही ‘खरे तर मी बरोबर होतो’ असे बोलू नये. कोसंबीचा धडा हाच आहे.

आपल्या विद्यालयाने या बाबतीत पुढाकार घ्यावा, असे मला वाटते. आपल्या मैदानावर होणाऱ्या प्रत्येक सामन्यापूर्वी पंचांची बैठक सक्तीची करावी. सामना चालू असताना टेबलापाशी नेमलेल्या अधिकाऱ्यांखेरीज कोणीही, अगदी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनीही, जाऊ नये असा लेखी नियम करावा. आठवीपासून पुढच्या मुलामुलींना वर्गावर्गांतील सामन्यांत आळीपाळीने गुणलेखन आणि पंचगिरी करू द्यावी. ज्या मुलीने शिट्टी हातात धरून दोन मैत्रिणींमधला वाद नियमाने मिटवला आहे, ती उद्या ग्रामसभेत, कार्यालयात किंवा न्यायालयात उभी राहील तेव्हा अधिकाराला घाबरणार नाही आणि हाती आलेल्या अधिकाराने उन्मत्तही होणार नाही.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून हा लेख संपवतो. संस्थेला करंडक आणि ढाली देणारे पुष्कळ आहेत, त्यांचे ऋण आहेच. पण आपल्यापैकी जे क्रीडाशिक्षक झाले आहेत, ज्यांनी पंचपरीक्षा दिल्या आहेत, जे वकील वा न्यायाधिकारी आहेत, त्यांनी वर्षातून दोन दिवस वसतिगृहात येऊन राहावे. मुलांना नियमपुस्तक वाचून दाखवावे, मैदानावर उभे करून कोणी कोठून काय पाहिले ते त्यांच्याकडून वदवून घ्यावे. आपल्या मुलांना जिंकायला शिकवणारे मिळत आहेत. नीट निवाडा करायला शिकवणारे आपल्यालाच द्यावे लागतील.

जय भीम.